साबणाच्या पाण्यातला ताउनो

डुब्. आणि त्याच्या पाठोपाठ, जवळजवळ त्यालाच चिकटून, दुसरा डुब्. आवाज इतका लहान होता की दलदलीवरच्या त्या सकाळी हॅल्वर निगार्डखेरीज तो कुणाच्या कानी जाण्याचे कारण नव्हते. हॅल्वरची बायको कॉरिन वर पाहत होती. आयली कांगस वर पाहत होती. दुनळी बंदुकीच्या दोन बारांतून निघालेला पांढरा धूर आणि त्या धुरात मिसळलेला आयलीचा नवरा ताउनो, दोघेही वाळक्या लव्हाळ्यांवरून, रानतांदळाच्या मोडक्या काड्यांवरून सावकाश विरत चालले होते. अशा वेळी माणसे वरच पाहतात. हॅल्वर मात्र खाली आपल्या हातांकडे पाहत होता, परक्याचे हात पाहावेत तसा. त्या हातांनी बार उडताच बंदूक मधोमध वाकवून उघडली होती, दोन ऊन ऊन पितळी पुंगळ्या ओढून काढल्या होत्या आणि पायाशी ठेवलेल्या रुंद तोंडाच्या लोणच्याच्या बरणीत टाकल्या होत्या. बरणीत कोमट पाणी होते, भांडी घासायचा लिंबाच्या वासाचा साबण होता, लिंबूफूल होते. काळी दारू भरून काडतुसे बनवणारा कुठलाही शहाणा माणूस हेच करतो. काजळी ओली आहे तोवर ती धुवायची. नाहीतर ती हवेतला ओलावा पिते आणि पितळ खाऊ लागते. बरणी आज कशासाठी आणली, असे कुणी विचारले असते तर हॅल्वरला उत्तर देता आले नसते. चष्मा कशासाठी आणला याला जसे उत्तर नसते. आणि आता, ज्याने उभ्या आयुष्यात एकही पुंगळी धुतली नव्हती, धुणाऱ्यांची ज्याने दर शरदात यथेच्छ टिंगल केली होती, त्या ताउनोचा पुंगळ्यांच्या तळाशी उरलेला अंश लिंबाच्या वासाच्या फेसातून एकेक बुडबुडा सोडत होता.

"किती छान गेला," आयली म्हणाली.

"हो," हॅल्वर म्हणाला आणि बुटाच्या टोकाने त्याने बरणी आपल्या झोळीमागे सारली.

बदकांचा मोसम उघडतो त्या सकाळी आपली राख काडतुसात भरावी आणि आपल्याच बंदुकीतून उडवावी, ही इच्छा ठेवून गेलेला ताउनो त्यांच्या ओळखीतला पहिला नव्हता. छर्ऱ्यांच्या जागी राख, एवढाच फरक. काडतुसे हॅल्वरने भरली होती, कारण ती भरण्याजोगा हात आयलीला माहीत असलेला तो एकच. आणि बारही त्यानेच उडवले होते, कारण आयलीचा खांदा धरला होता. सगळे यथासांग झाले होते. वाऱ्याची दिशा पाहिली होती, गलबला करणाऱ्या पोरांची होडी दूर जाईस्तोवर थांबणे झाले होते, कॉरिनने टोपी काढली होती. फक्त शेवटच्या एका क्षणी हातांनी डोक्याला विचारले नव्हते.

"हॅल्वर," आयली डोळे पुशीत म्हणाली, "त्या दोन पुंगळ्यांतली एक मला हवी. उद्या कॉफीला ये आणि घेऊन ये. दुसरी तुला ठेव. आणि हे बघ, माझी घासू नकोस. तुझा काही नेम नाही. जशी आहे तशी दे, काळी."

"जशी आहे तशी," हॅल्वर म्हणाला. त्याला आपला आवाज बरणीतून आल्यासारखा वाटला.

परतताना कॉरिन गाडी चालवत होती, आयली तिच्या शेजारी होती आणि मागच्या बाजूला हॅल्वर झोळी मांडीवर घेऊन, झोळीवर दोन्ही हात ठेवून, एखादे जिवंत जनावर चोरून नेणाऱ्या माणसासारखा ताठ बसला होता. डलूथच्या टेकडीवरून शहरात उतरणारे रस्ते सरळ सरोवरात घुसायला निघाल्यासारखे असतात. प्रत्येक चौकात कॉरिन ब्रेक दाबी आणि प्रत्येक ब्रेकला झोळीतून छबक् असा आवाज येई. "मला वाटलं होतं मी फार रडेन," आयली पुढे बघत सांगत होती, "पण कसं हलकं हलकं वाटतंय. मोकळा झाला गं तो." छबक्. "आता तो वारा झाला," कॉरिन म्हणाली. छबक्. खाली सरोवर शिशाच्या रंगाचे पसरले होते आणि धक्क्यावर खनिजाचे एक लांबलचक जहाज हंबरत होते. ताउनोने त्या धक्क्यावर जन्म घालवला. लाल धुळीत. घरी येताना ती लाल धूळ त्याच्या कानांच्या पाळ्यांत, नखांत, हसताना पडणाऱ्या सुरकुत्यांत असे, आणि शनिवारी वाफघरात भूर्जाच्या डहाळ्यांनी अंग झोडपून घेतल्यावरही थोडी मागे राहीच. हॅल्वरने जन्म घालवला तो चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, भिंगे घासण्यात. दिवसभर काचेवर काच फिरवायची, बारीक, आणखी बारीक, पाण्याहून बारीक भुकटी घालून. शेवटी काच नाहीशी व्हायची आणि फक्त पलीकडचे जग उरायचे. घासत गेले की वस्तू खरी होते, ही त्याची एकच श्रद्धा होती. चर्चमध्येही तो याच श्रद्धेने बसे, आणि प्रवचन चालू असताना समोरच्या मेणबत्तीदाणीवरचे डाग मोजी.

साहजिकच पुंगळ्यांवरून त्या दोघांचे पटले नाही. पटू नये म्हणूनच ते तीस वर्षे एकत्र शिकारीला गेले असावेत. हॅल्वरच्या पुंगळ्या आधी बरणीत मुरत, मग तळघरातल्या थरथरत्या यंत्रात अक्रोडाच्या कवचांच्या भुग्यासोबत रात्रभर घुसळल्या जात, मग फडक्यात पुसून लाकडी फळीवर ओळीने उभ्या राहत. त्या ओळीकडे पाहिले की हॅल्वरच्या मनात एक स्वच्छ, पिवळी शांतता पसरे. लहानपणी सणाच्या आदल्या संध्याकाळी घरात पसरे तशी. ताउनोच्या पुंगळ्या कॉफीच्या एका गंजक्या डब्यात असत, आणि तो डबा वाफघराच्या कपडे काढायच्या खोलीत, खिडकीवर. काळ्याकुट्ट. हातात घेतल्या तर हात काळा, आणि त्यांना एक राळेसारखा, जुन्या जंगलासारखा वास. "लेका हॅल्वर," ताउनो म्हणे, "बदक काय मरायच्या आधी पुंगळी बघून घेतं? 'अरे वा, काय चकचकीत आहे, आता मरायला हरकत नाही'?" हॅल्वर मग आयलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवून, शांतपणे समजावी: काजळीत गंधक असते, ती ओल धरते, आतून पितळ खाते, पुंगळीची भिंत कागदासारखी होते, आणि एक दिवस ती गालाशी फुटते. "खाते?" ताउनो म्हणे. "तीस वर्षं खातेय. अजून पोट भरलं नाही तिचं? तुझी काजळी आहे का माझी मेव्हणी?" आणि स्वतःच्याच विनोदावर टेबलावर थाप मारी, इतकी की कपांतली कॉफी बशीत येई. मोरीशी आयली पाठमोरी भांडी घाशीत असे. ती कधीच हसली नाही, कधीच वळली नाही.

दवाखान्यातही ताउनोने तेच काढले. नाकात नळी होती, आवाज गवतातून सरपटत येत होता. "मला भरशील तर माझ्याच पुंगळ्यांत भर," तो म्हणाला. "आणि आधी घासल्यास तर बघ. वर गेल्यावर मी एकेका बदकाला तुझं नाव सांगून ठेवीन." हॅल्वरने शब्द दिला. मरणाऱ्याला कोण नाही म्हणणार? पण शब्द देताना त्याच्या मनात एक फार क्षुद्र, फार चकचकीत विचार येऊन गेला होता: आता निदान त्या पुंगळ्या आतून बघायला तरी मिळतील. आणि मिळाल्या. मागच्या आठवड्यात, तळघरात, काडतुसे भरण्याआधी त्याने डब्यातली पहिली पुंगळी दिव्याखाली धरली, दुकानातले जुने भिंग डोळ्याला लावले आणि लाकडी काडीने आतली काजळी थोडीशी खरवडली. खाली पितळ होते. निर्मळ, अखंड, लहान मुलाच्या नव्या दातासारखे. ना खड्डा, ना हिरवा डाग, ना चीर. त्याने दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. सगळा डबा टेबलावर ओतून पाहिला. नंतर तो बराच वेळ थरथरत्या यंत्राजवळच्या स्टुलावर बसून राहिला. म्हणजे ताउनो बरोबर होता. तीस वर्षे न धुतलेले पितळ शाबूत होते. मग त्याच्या त्या सगळ्या बरण्या, तो भुगा, ती फडकी, शनिवारच्या त्या सगळ्या संध्याकाळी, कॉरिन वरून "जेवायला येतोस का त्या पुंगळ्यांशीच लग्न लावू तुझं?" असे ओरडत असताना खाली घालवलेले ते सारे आयुष्य काय होते? घासल्याने वस्तू खरी होत नाही. घासल्याने वस्तू फक्त घासली जाते. एखाद्या भाविकाला देव्हाऱ्यामागे सुताराचे नाव दिसावे तसे त्याला झाले. आणि सगळ्यांत असह्य हे, की हरल्याचे ज्याला सांगायचे तो एका चिनी मातीच्या बरणीत राख होऊन शेजारीच बसला होता आणि त्याच्या त्या गप्प बसण्यात टेबलावर मारलेल्या थापेचा नाद होता.

घरी पोचल्यावर हॅल्वरने झाकण काढून बरणी तळघरात, कपडे धुवायच्या मोरीच्या कठड्यावर ठेवली. खिडकीतून दुपारचा करडा उजेड येत होता. बरणीतले पाणीही करडे झाले होते, आणि तळाशी साबणाच्या धुक्यात त्या दोन पुंगळ्या, एकमेकींना टेकून, हळूहळू उजळत होत्या. हेच भयंकर होते. लिंबूफूल आपले काम करीत होते. त्याला कुणी मेले आहे याची खबर नव्हती. बाहेर काढाव्यात तर हात लागून उरलेसुरले काळेही पुसून जाईल, आत ठेवाव्यात तर आणखी उजळतील. आणि पाणी? पाण्यात काजळी होती, साबण होता आणि ताउनो होता. किती होता? पुंगळीच्या तळाशी राहून राहून किती राहील, चिमूटभर? माणसाच्या चिमटीला ताउनो म्हणायचे का? करंगळीला म्हणतो का आपण? पण मग कुठून म्हणायला लागतो? गुडघ्यापासून? हॅल्वरला वाटले, हा प्रश्न ताउनोला विचारला असता तर त्याने फार गलिच्छ उत्तर दिले असते आणि ते बरोबर असते. विचार असा घसरत असताना तो वर कपडे बदलायला गेला, आणि परत जिन्यात आला तेव्हा कॉरिन मोरीशी उभी होती. तिच्या एका हातात धुण्याची टोपली होती, दुसऱ्या हातात बरणी, आणि बरणी तिरपी झालेली होती.

"ओतू नकोस!"

कॉरिन दचकली. "अरे, केवढ्यांदा ओरडतोस! घाण पाणी आहे."

"घाण नाही ते."

"मग काय आहे? सूप?"

"त्यात," हॅल्वर जिन्याचा कठडा धरून म्हणाला, "ताउनो आहे."

कॉरिनने बरणी सरळ केली. मग ती डोळ्यांसमोर धरून, उजेडाकडे करून, बारकाईने पाहिली.

"किती?" तिने विचारले.

"सांगता येत नाही."

"मग आधी झाकण लाव," ती म्हणाली. बरणी त्याच्या हातात देऊन तिने आपला हात लगबगीने एप्रनला पुसला, आणि पुसून झाल्यावर एप्रनकडे पाहिले. "देवा. आता याचंही काय करू मी? याला धुवायचं का पुरायचं?"

त्याने सगळे सांगितले. कॉरिन टोपलीवर बसली. आधी तिचा खांदा हलायला लागला, मग दुसरा. मग तिने तोंडावर टॉवेल दाबून धरला आणि टॉवेलातून एक लांब, बारीक आवाज येत राहिला. "बिचारा," ती अखेर डोळे पुसत म्हणाली. "तीस वर्षं तुझ्या तावडीतून सुटला आणि मेल्यावर सापडला. अरे, एवढं तोंड कशाला पाडतोस? डबाभर काळ्या पुंगळ्या पडल्यात ना त्याच्या? त्यातलीच एक दे तिला. काळी हवी, काळी दे. आयलीला काय कळतंय?"

आयलीला काय कळतंय, हे वाक्य हॅल्वरने रात्रीच्या जेवणासोबत खाल्ले आणि सकाळी चर्चमध्ये पुन्हा चघळले. त्यात पोषण होते हे नाकारता येत नव्हते. डब्यातल्या पुंगळ्यांवरची काजळी ताउनोच्या स्वतःच्या हातच्या बारांची होती. त्याच्या गालाशी, त्याच्या श्वासासमोर जन्मलेली. ती अधिक ताउनोचीच नव्हे काय? बरणीतल्या पुंगळीत ताउनो प्रवासी म्हणून बसला होता. डब्यातल्या पुंगळ्यांचा तो कर्ता होता. हा युक्तिवाद इतका गुळगुळीत होता, इतका घासून काढलेला, की त्याला स्वतःलाच त्यात आपला चेहरा दिसला आणि तो आवडला नाही. तरीही दुपारी त्याने डब्यातून एक पुंगळी निवडली. निवडण्यात बराच वेळ गेला. फार काळी नको, फार सारखी नको. तोंडाशी थोडी ताजी वाटेल अशी. ती रुमालात बांधून त्याने डाव्या खिशात टाकली. निघता निघता, का ते त्याला सांगता आले नसते, त्याने बरणीही झोळीत घातली. बहुधा कॉरिनजवळ ती एकटी ठेवण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

"सहज वाग," कॉरिन दारातून म्हणाली. "आणि घाम आला तर वाफघरातून आलास म्हण."

आयलीचे घर टेकडीच्या कुशीत होते आणि मागच्या परसात, दोन भूर्जांच्या मध्ये, ताउनोने बांधलेले वाफघर. त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. शनिवारचे वाफघर आज रविवारी पेटले होते; काल वेळ मिळाला नाही, आयली म्हणाली. स्वयंपाकघरात टेबलाशी तिसरी खुर्ची तशीच ओढलेली होती. वेलदोड्याचा पाव कापलेला होता. हॅल्वर आपल्या नेहमीच्या जागी बसला आणि त्याला आपण समोरच्या रिकाम्या जागेतून टेबलावर थाप पडण्याची वाट पाहत असल्यासारखे वाटू लागले. त्याने हात कपाभोवती धरून ठेवला.

"आणलीस?" आयलीने विचारले.

त्याने रुमाल टेबलावर ठेवून उलगडला. आयलीने आधी हात पुसले, मग पुंगळी उचलली. तळहातावर घेतली, जोखली. नाकाशी नेली. हॅल्वरला भिंतीवरच्या घड्याळाच्या पोटातली चाके ऐकू येत होती. मग तिने अंगठा पुंगळीवरून एकदा, हलकेच, फिरवला आणि अंगठ्याकडे पाहिले.

"ही नव्हे," ती म्हणाली.

"नव्हे कशी? ताउनोचीच आहे."

"पुंगळी ताउनोची," आयली म्हणाली. "काळं माझं आहे."

हॅल्वरला कळले नाही. त्याच्या चेहऱ्यावर ते न कळणे इतके स्वच्छ उमटले असावे की आयलीने कप बाजूला सारला आणि जन्मभर दुसऱ्या कुणाजवळ न बोललेली गोष्ट बोलणारी माणसे बोलतात तशी, फार सपाट आवाजात, ती सांगू लागली. "माझ्या मामाच्या गालाशी फुटली होती कुजलेली पुंगळी. त्याचा अर्धा चेहरा मी लहानपणापासून बघत आले. आणि तू इथे बसून सांगायचास, काजळी ओल धरते, आतून खाते, भिंत कागदासारखी होते. ताउनो दात काढायचा. मी तिथे भांडी घाशीत असायची. हॅल्वर, या घरात तुझं ऐकणारी मी एकटी होते."

"तू..."

"दर वर्षी. मोसम संपला की तो दर रविवारी पत्ते कुटायला जायचा, तेव्हा. साबण, कोमट पाणी, चिमूटभर लिंबूफूल. चिमूटभरच हं, जास्त पडलं की पितळ गुलाबी होतं. सगळ्या आतून बाहेरून धुवायची, चुलीवर वाळवायची. पण पिवळ्याधमक पुंगळ्या डब्यात दिसल्या असत्या तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. तुला काय वाटलं असतं तेही मला माहीत आहे. 'बघा, अखेर आला ताळ्यावर.' मग त्याने तुझ्याशी बोलणंच टाकलं असतं. म्हणून मग वाफघरात भूर्जाची साल पेटवायची आणि एकेक पुंगळी चिमट्यात धरून धुरात काळी करायची. वरून डुकराच्या चरबीचा हात. धरून बसते, हाताला तेवढी लागते. वास येतो थोडा राळेचा."

"त्याला कधी कळलं नाही?"

"ताउनोला? शेजारच्यांचं कोठार जळालं तेही त्याला पेपरात वाचून कळलं."

हॅल्वरच्या आत काहीतरी उठून उभे राहिले. ते हसू होते की आणखी काही, हे ठरायच्या आत ते घशापर्यंत आले. म्हणजे तो बरोबर होता! तीस वर्षे बरोबर होता. बरण्या बरोबर होत्या, भुगा बरोबर होता, शनिवारच्या संध्याकाळी बरोबर होत्या. काजळी खाते आणि धुतल्याने वाचते, याचा पुरावा डबाभर होता. मागचा आठवडाभर त्याच्या छातीवर बसलेला तो दगड उठून उभा राहिला आणि नाचू लागला. त्याने समोरच्या तिसऱ्या खुर्चीकडे पाहिले, तोंड उघडले, आणि मिटले.

"हो," आयली म्हणाली. "तू जिंकलास. आता कुणाला सांगणार आहेस?"

बाहेर भूर्जांची शेवटची पिवळी पाने वाऱ्यावर नाण्यांसारखी लकाकत होती. जिंकणे ही गोष्ट दोघांत मिळून करायची असते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

"म्हणून मला ती हवी होती," आयलीने बोटाने पुंगळी टेबलावर आडवी फिरवली. "कालची. लग्न झाल्यापासून त्याचं खरं काळं मी एकदाही राहू दिलं नाही. दर वर्षी धुतलं आणि माझं लावलं. एक तरी त्याचं राहू दे म्हटलं. त्याचंच, मी हात न लावलेलं." आणि मग, बायका ज्या आवाजात मुलांना खिसे रिकामे करायला लावतात त्या आवाजात, "कुठे आहे ती?"

हॅल्वरने झोळी मांडीवर घेतली. सहज वागण्याचा त्याचा कुठलाही बेत आता उरला नव्हता. त्याने बरणी काढून टेबलावर ठेवली, वेलदोड्याच्या पावाशेजारी. एक दिवस आणि एक रात्र मुरल्यावर पाणी निवळले होते. तळाशी करड्या गाळाचा मऊ थर होता आणि त्या थरात दोन पुंगळ्या झोपल्या होत्या. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळांसारख्या. गुलाबी.

"हातांनी केलं," तो म्हणाला. "मी वर बघितलं नाही आयली. सगळ्यांनी वर बघितलं. मी हातांकडे बघितलं आणि तोवर झालं होतं. आणि नंतर बाहेर काढायचा धीर होईना."

आयली बरणीकडे पाहत राहिली. हॅल्वरने टोपीकडे हात नेला. तिचे डोळे भरले होते, भरून तसेच थांबले होते. मग तिच्या ओठाची एक कड किंचित हलली.

"लिंबूफूल जास्त झालं," ती म्हणाली.

"पाणी तिथवर गार होतं, म्हणून जरा..."

"जास्त झालं, हॅल्वर."

"जास्त झालं," हॅल्वर म्हणाला.

"शनिवारी संध्याकाळी वाफघरात जायला हा माणूस मला तीन तीन हाका मारायला लावायचा," आयली म्हणाली. तिने बरणी उचलली, कडेवर पोर घ्यावे तशी, आणि मागचे दार खांद्याने, त्या धरलेल्याच खांद्याने, ढकलून उघडले. "चल. ऊठ. पाव घे बरोबर."

वाफघरात अंधार होता, ऊन अंधार, आणि त्याला राळेचा वास होता. हॅल्वर या वासात कित्येक शनिवार बसला होता आणि त्याला तो लाकडाचा वाटला होता, ताउनोचा वाटला होता, जुन्या जंगलाचा वाटला होता. आयलीचा तो कधी वाटला नव्हता. तिने झाकण काढले, दोन्ही पुंगळ्या बोटांनी बाहेर घेतल्या आणि उरलेले पाणी लाकडी पळीने चुलीवरच्या तापल्या दगडांवर शिंपडले. दगड फुत्कारले. वाफेचा एक पांढरा, जाड लोट छताला भिडला आणि तिथून सावकाश त्यांच्या डोक्यांवर उतरला. आधी सडक्या अंड्याचा वास आला, काळ्या दारूचा. मग त्यामागून लिंबाचा. दोघेही कोट घालून, घामाने निथळत, फळीवर बसून राहिले. कुणी वर पाहिले नाही. पाहण्याची गरज नव्हती; तो सगळीकडे होता, चष्म्यावर होता, पावावर होता. हॅल्वरला तीस वर्षांची सारी वाक्ये आठवत होती आणि त्यांतले एकही आता म्हणावेसे वाटत नव्हते.

"बरा वास येतोय की," आयली काही वेळाने म्हणाली. "नेहमीपेक्षा."

मग तिने कोपऱ्यातून भूर्जाच्या सालीची एक वळकटी काढली, चुलीच्या तोंडाशी धरली आणि ती पेटताच पत्र्याच्या थाळीत ठेवली. साल कुरकुरत, आखडत, काळा दाट धूर सोडू लागली. आयलीने पाणी पुसलेली गुलाबी पुंगळी चिमट्यात पकडली आणि चिमटा हॅल्वरपुढे केला.

"मी?"

"तू धुतलीस. तूच कर. माझा हात थकला आता."

जन्मभर ज्या हातांनी काचेवरची, पितळावरची, जगावरची पुटे काढली होती त्या हातांनी चिमटा घेतला. हॅल्वरने पुंगळी धुरात धरली. पितळ आधी झाकोळले, मग तपकिरी झाले, मग त्यावर मखमलीसारखे काळे चढू लागले. त्याने ती हळूहळू फिरवली, एका गतीने, भिंग फिरवावे तशी. कड सुटू दिली नाही, तळ सुटू दिला नाही, तोंडाच्या आतली वर्तुळाकार धारसुद्धा धुराकडे वळवून तिला समान पूट दिले. काम चांगले उतरत होते. इतके सुंदर काळे त्याने पूर्वी पाहिले नव्हते. आयली वाकून पाहत होती. तिच्या कपाळावरून घामाचा थेंब थाळीत पडला आणि चर्र वाजला. एकदम तिने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"इतकं एकसारखं नको रे," ती म्हणाली. "त्याला संशय येईल."